ज्याच्या फुंकरीनं लागेल

९ नोव्हेंबर

जबलपूरला आल्यापासून आज पहिल्यांदा वाटलं की इथे रमता येईल. सकाळी दुर्वाला घेऊन रांझीच्या बाजारात गेले. हातगाड्यांवर ओल्या शिंगाड्यांचे ढीग होते, हिरवे आणि जांभळट, पाणी टपकणारे. तेवढ्यात कारखान्याची पाळी सुटली आणि सगळा रस्ता सायकलींनी आणि मोटरसायकलींनी भरून गेला. आम्ही दोघी एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर चढून ती गर्दी बघत राहिलो. खोव्याची जिलबी घेतली. ती काळीच असते. दुर्वा म्हणाली, आई, यांची करपली वाटतं. दुकानदाराला मराठी कळत होतं. तो इतका हसला की त्यानं तिला आणखी एक तुकडा दिला.

गौतमची बँकेतली बदली झाली तेव्हा सांगलीहून इतक्या लांब यायचं मला जिवावर आलं होतं. पण शेजारच्या बाई परवा म्हणाल्या, काहून घाबरून राहिल्या जी, आपलीच माणसं आहेत इथं. आणि खरंच आहेत. कारखान्यात, रेल्वेत लागलेल्या लोकांची तिसरी पिढी. त्यांचं मराठी ऐकायला मला मजा येते.

मुख्य बातमी म्हणजे मला काम मिळालं. इथल्या मराठी वाचनालयाला ग्रंथपाल हवी होती. चिटणीस उल्हासजी म्हणाले, पुस्तकं कोणी नेत नाही मॅडम, पण गेम नेतात. मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण हे वाचनालय खरोखरच मुलांना व्हिडिओ गेम घरी देतं.

१२ नोव्हेंबर

आज हेमलताबाईंनी मला सगळं समजावून दिलं. त्या इतकी वर्षं हे वाचनालय बघत होत्या. सत्तरीच्या असतील, इस्त्रीची सुती साडी, मऊ बोलणं. बोलताना हातरुमालानं ओठांचे कोपरे टिपत राहतात. आधी मला वाटलं, पान खाल्लं असेल. पण त्या पान खात नाहीत.

एका भिंतीला तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या कादंबऱ्या, दुसऱ्या भिंतीला गेमचं कपाट. मंडळी निवृत्त होऊन नागपूरला, पुण्याला निघून गेली, तेव्हा मुलांचे जुने टीव्ही गेम वाचनालयात देऊन गेली. ते नुसते पडून होते. करोनानंतर हेमलताबाईंनीच कल्पना काढली की पुस्तकांसारखे हे पण आठवड्यासाठी द्यायचे. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, एकेका पिशवीत एक यंत्र, दोन रिमोट, वायरी. आयांना ते आवडलं, कारण तेवढा वेळ पोरं फोन मागत नाहीत. नव्या गेमच्या सीडी पण आहेत थोड्या. त्या शिक्का मारून द्यायच्या.

एक पिवळी कॅसेट मात्र वेगळी, स्टीलच्या डब्यात. नाव खरवडून गेलेलं. ती शनिवारी द्यायची, मुलांच्या रिवाजाप्रमाणे. कसला रिवाज, विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, बघाच तुम्ही.

१५ नोव्हेंबर

बघितलं. घरी आल्यावर दोनदा चूळ भरली.

दुपारपासून हॉल पोरांनी भरला. ओळीत उभी राहिली, धक्के देत, चिडवत. आर्यन नावाचा एक मोठा मुलगा पुढे. पिवळी कॅसेट यंत्रात घातली, पडदा नुसता करडा. मग पहिल्यानं ती काढली, तिची उघडी बाजू तोंडाशी धरली आणि गाल फुगवून फुंकर मारली. परत घातली. करडा. दुसऱ्याची पाळी. त्यानं न पुसता तिथेच तोंड लावलं. तिसरीनं. चौथ्यानं. ए थुकना मत बे, मागचा म्हणाला, आणि सगळे फिदीफिदी हसले. एकाला सर्दी होती. एक मुलगी तोंडातली चिक्की गालात सारून फुंकत होती. ज्याच्या फुंकरीनं गेम लागेल त्यानं कॅसेट घरी न्यायची, असा रिवाज आहे. आठवड्यानं परत आणायची, की पुन्हा ओळ.

शेवटी शेवटी कॅसेट चकाकत होती. ओलीनं.

हेमलताबाई खुर्चीत बसून बघत होत्या, लग्नात पंगत बघावी तशा समाधानानं. मी हळूच म्हटलं, अहो, सगळ्यांचं उष्टं आहे हे. त्या म्हणाल्या, पोरांचं कसलं उष्टं जी.

दुसऱ्या फेरीत आर्यनच्या फुंकरीनं लागली, त्यानं नेली. कोण नेतं याच्याशी मला देणंघेणं नाही. पण हे मी बंद करणार आहे.

१७ नोव्हेंबर

आर्यनकडून कॅसेट परत मागवली. म्हटलं, दुरुस्त करायची आहे. दुपारी हातमोजे घालून बसले, समोर स्पिरिट आणि कापूस.

हे लिहिताना सुद्धा तोंडाला पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं तसं. स्क्रू काढून कवच उघडलं. आत हिरवी पट्टी आणि तिच्या कडेला पितळी दात असतात. ते दिसतच नव्हते. वरून पांढरट पिवळा थर होता, तापात जिभेवर येतो तसा. जाड. कापूस लावला तर तो कापसाला चिकटून तार ताणत वर आला. वास दुधाचा, लसणाचा, न घासलेल्या दातांचा. सकाळच्या पारोशा तोंडाचा वास. तळाशी काहीतरी कडक लागलं. दुधाचा दात होता, अगदी छोटा. कॅसेटच्या फटीतून दात आत जाऊ शकत नाही.

सगळं पुसलं. पुन्हा पुन्हा पुसलं. पितळ चमकायला लागलं तेव्हा बरं वाटलं, आपण एखाद्या पोराचं ढुंगण नीट धुऊन त्याला कोरडं केल्यावर वाटतं तसं.

कापूस जाळला. जळताना तो चरचरला.

१९ नोव्हेंबर

साफ केल्यावर कॅसेट वाचनालयातल्या कुठल्याच यंत्रात लागेना. एका यंत्राच्या पिशवीसकट घरी घेऊन आले, म्हटलं दुर्वाला दाखवू. तिला इथे मैत्रिणी नाहीत अजून, शाळेतून आली की खिडकीत बसते. नवा गेम म्हटल्यावर खुलली.

पडदा करडाच. मग मीच म्हटलं, फुंकून बघ जरा. स्वच्छ आहे ती आता.

तिनं फुंकर मारली आणि गेम लगेच लागला. एक मुलगा पांढऱ्या खडकांवरून उड्या मारत जातो, खाली नदी. भेडाघाटसारखं दिसतं. दुर्वा संध्याकाळभर खेळत होती. मला कौतुक वाटलं.

२२ नोव्हेंबर

शनिवार. पोरं ओळ लावून आली. मी सांगितलं, ओळ बंद, कॅसेट दुरुस्तीला गेली. कुरकुरली, मग सीडी घेऊन गेली. आर्यन म्हणाला, दीदी, आपने सारा मज़ा खराब कर दिया.

संध्याकाळी हेमलताबाई आल्या. चेहरा उतरलेला. कॅसेट कुठे आहे, एवढंच विचारत होत्या. सांगितलं, साफ करून घरी ठेवली आहे. रुमाल ओठांवर दाबून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कोण खेळतं, म्हणाल्या. मी म्हटलं, माझी मुलगी. चपला कशाबशा पायांत सरकवून निघून गेल्या.

२५ नोव्हेंबर

दुर्वा इथलं बोलायला लागली. आज स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, मी खेळून राहिली, मला भूक नाही लागून राहिली. गौतमला हसू आवरेना. आठवड्याभरात पक्की जबलपूरची झाली म्हणाला. मलाही बरं वाटलं. शाळेत मैत्रीण मिळाली असेल. विचारलं तर म्हणाली, खूप आहेत.

जेवत मात्र नाही. तोंड भरलं आहे म्हणते.

२८ नोव्हेंबर

तिच्या तोंडाला वास येतो. दोनदा दात घासून घेतले तरी येतो. तो वास मी ओळखला, पण तसं स्वतःशी कबूल करायला आत्ता ही वही उघडेपर्यंत वेळ लागला.

सकाळी तिची उशी भिजलेली होती. लाळ. लहान मुलांची पडते, पण ही उशीतून गादीत उतरली होती. चादर उचलली तेव्हा ती सुटून आली नाही, ताणली गेली.

तिला न आवडणारे पदार्थ तिच्या तोंडात असतात. आज म्हणाली, लसणाची चव येते. मग म्हणाली, आता चिक्की. आपल्या घरात चिक्की नाही.

कॅसेट काढून घेतली. रडली नाही. नुसती तोंड मिटून बसली, गाल फुगवून.

२ डिसेंबर

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. घसा साफ आहे म्हणाले. लाळ जास्त सुटते कधी कधी या वयात. गुळण्या सांगितल्या. तपासताना त्यांनी तिला आ करायला सांगितलं आणि क्षणभर मागे झाले. मग खिडकी उघडली. 

मी पण बघितलं. तिच्या जिभेवर तो थर आहे. आणि दातांमागे आणखी दात आहेत, छोटे, वेगवेगळ्या मापांचे, एका जबड्यातले न वाटणारे.

गौतम उद्या महिन्याच्या ट्रेनिंगला भोपाळला जातो आहे. राहू का म्हणाला, पण मीच सांगितलं, जा. त्याला दात दिसले नाहीत. त्याला दिसत नाहीत.

५ डिसेंबर

आज तिनं मला आंटी म्हटलं.

काल मम्मी म्हणत होती, परवा अम्मा. मी तिच्यासमोर बसले, म्हटलं, मी कोण आहे, सांग. तिनं खूप प्रयत्न केला. ओठ हलत होते. आत कुणीतरी दुसरंच आधी बोलत होतं. एक मुलगा म्हणाला, माझे बाबा दुसऱ्या पाळीत आहेत, भोंगा झाला की येतात. कारखान्याचा भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली, हे शेजारच्या बाईंनीच मला सांगितलं होतं. मग एक मुलगी हसली. मग कुणीतरी बारीक आवाजात रडलं. सगळं दुर्वाच्या तोंडातून, एकाच ओल्या तोंडातून.

मी तिला जवळ घेतलं नाही. हे लिहायलाच हवं. ती माझ्याकडे झुकली, हनुवटीवरून तार लोंबत होती, आणि मी मागे सरले. या मुलीच्या ताटातला चिवडलेला वरणभात मी वर्षानुवर्षं उभ्याउभ्या संपवला. तिनं चावून काढलेलं सफरचंद मी खाल्लं. जगात फक्त तिचंच उष्टं मला कधी उष्टं वाटलं नाही. आणि आज तिनं पाणी पिऊन ठेवलेला पेला मी चिमट्यानं उचलला.

ते तिचं नव्हतं म्हणून. तिचं तिच्या तोंडात काही उरलंच नाही.

७ डिसेंबर

हेमलताबाईंच्या घरी गेले, कांचघरला. दुर्वाला शेजारी ठेवून.

दार उघडताच तोच वास. पलंगावर एक माणूस बसला होता, चाळिशीचा, दाढी पांढरी व्हायला आलेली, गळ्यात लाळेरं. आल्हाद, त्यांचा मुलगा. हेमलताबाई त्याला पेज भरवत होत्या. तो एक घास गिळायचा, मग बराच वेळ तोंड हलवत बसायचा. त्याची हनुवटी टिपायची आणि मग त्याच रुमालानं त्या आपले ओठ टिपायच्या. इतके दिवस तो रुमाल मी बघत होते.

त्यांनी सांगितलं. कॅसेट त्याचीच. आठवी-नववीत होता, दार लावून एकटाच खेळायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही, सारखी फुंकायचा. हळूहळू बोलणं गेलं. डॉक्टर झाले, दवाखाने झाले. मग कळलं की दुसऱ्या मुलांनी कॅसेट फुंकली की हा गिळू शकतो. थोडं थोडं सगळ्यांचं घेते ती, त्यामुळे कुणाला काही होत नाही, म्हणाल्या. करोनात गल्लीतली पोरं घरी खेळायला यायची बंद झाली तेव्हा याला पाण्याचा थेंब उतरेना. म्हणून वाचनालयात गेम, म्हणून ओळ, म्हणून तो रिवाज. मुलांचा नव्हताच तो. त्यांचा होता.

आणि मी ओळ मोडली. घासून, पुसून, कोरडी करून, उपाशी करून ती एकट्या दुर्वाच्या तोंडाशी दिली.

मी त्यांना खूप बोलले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही काय केलं असतं, सांगा. आई आहे मी.

फोडून टाकते म्हटलं तर त्यांनी माझे पाय धरले. याचं सगळं त्यात आहे, तुमच्या पोरीचं पण आहे. फुटली की गेलं.

निघताना आल्हादनं तोंड उघडलं. दातांमागे दात. जागाच नव्हती जिभेला.

८ डिसेंबर

ओळ परत सुरू केली. स्वतः पोरांना बोलावून आणलं, मी, हातमोजे घालणारी. म्हटलं, फुंका. एकाच्याही फुंकरीनं लागली नाही. कुणाचंच घेत नाही ती आता. तिला दुर्वा मिळाली आहे.

दुर्वाला गिळता येत नाही. सकाळपासून चमच्यानं पाणी घालते, बाहेर येतं, आणि येताना जास्त होऊन येतं.

९ डिसेंबर

गौतमला फोन केला. परवा रजा मिळाली की निघतो म्हणाला.

तो येऊन काय करेल.

दुर्वा दिवसभर कुणाकुणाच्या आवाजात बोलते. मी कान देऊन बसते, त्यांच्यात ती सापडते का. दुपारी एकदा, सगळ्यांच्या तळातून, आ— एवढंच. पुढचं कुणीतरी गिळलं.

सगळे फुंकत आले. आजवर कुणी ओढून बघितलं नाही.

१० डिसेंबर

केलं.

कॅसेट साफ नव्हती. पुन्हा थर आला होता, कोमट, माझ्या बोटांखाली हलणारा. डोळे मिटले असते तर जमलं नसतं, म्हणून दुर्वाकडे बघत तोंड लावलं. आणि ओढलं.

आधी वारा. मग घट्ट. सायीसारखं, मग गाठी. लसूण, चिक्की, शेंबूड, तापातली आंबूस थुंकी, कुणाचं तरी रक्त. माझं पोट वर येत होतं आणि मी ते खाली दाबत ओढत होते. ते संपेना. गालात, जिभेखाली, नाकात. दात खडखडत आले. आणि त्या सगळ्या घाणीत मध्येच एक घोट असा आला की मी ओळखला. तिचा. ताकभात आणि झोप. तेवढा लगेच उठून तिच्या तोंडात सोडला, पिल्लाला भरवतात तसा, ओठांना ओठ लावून.

बाकीचं आत ठेवून ओठ मिटले.

तिनं गिळलं. जिभेवर काही नाही. गुलाबी.

आई, भूक लागली, म्हणाली.

मला बोलायचं होतं. तोंड जरासं उघडलं तर ओठांतून एक तार निघाली. ती खाली लोंबली नाही. सरळ तिच्याकडे गेली.

मागच्या खोलीत आले. आतून कडी.

११ डिसेंबर

हेमलताबाईंचा फोन. उचलला, नुसता ऐकला. रडत होत्या. आल्हादनं चहा मागितला. आई म्हटलं. तुम्ही काय केलंत, विनता, बोला ना, म्हणत होत्या.

बाहेर दुर्वा एकटीच जेवली. भांड्याचा आवाज आला. स्वतःचं ताट घासलं असेल.

गिळायचं नाही. थुंकायचंही नाही. थुंकलं की त्यांना वाट मिळेल.

किती जण आहेत. आल्हादच्या तोंडातलेही इकडेच आले. एकाचा दात हलतो आहे. माझ्या हिरडीत.

११, दुपार

दारापाशी आली आहे. आई, दार उघड.

किती दिवसांनी हा शब्द. तिच्याच आवाजात.

माझी जीभ— ही माझी नाही— दातांना आतून धडका देते आहे. तिला ओ द्यायची आहे. माझ्याआधी—

आई, रागावलीस का.

नाही गं. रागावले नाही. कागदावर लिहून दाराखालून सरकवते. शेजारी जा म्हणून. बाबा येईपर्यंत इकडे येऊ नको—

वाचलं तिनं. जात नाही. दाराला टेकून बसली आहे. फटीतून तिची बोटं दिसतात. म्हणते, नुसतं एकदा हूं म्हण, मग जाते.

हूं ओठ मिटूनही म्हणता येतं. तेवढं जमेल. तेवढं म्हणते, म्हणजे ती—

ओठ सुट